फ्रेंच बोलणारे गेले कुठे?

नमस्कार मंडळी. आपल्या मराठी मंडळाच्या कमिटीने मला बरोबर जेवणाच्या आधीचा वेळ दिलाय, माझं भाषण किती लांबतं हे त्यांना चांगलं माहितीये.

परवा पोरांना घेऊन इथल्या, सेंट लुईसच्या गेटवे आर्च या उंच कमानीखाली गेलो होतो आणि जुनं कॅथेड्रल दिसल्यावर माझी टेप सुरू झाली, की १७६४ मध्ये लाक्लेद हा फ्रेंच व्यापारी आणि त्याचा पोरसवदा मदतनीस शूतो यांनी हे गाव वसवलं तेव्हाच चर्चसाठी जागा राखून ठेवली, गावात पाद्रीसुद्धा नव्हता, बाप्तिस्मे तंबूत व्हायचे, मग १७७० ला ओंडक्यांचं पहिलं चर्च उभं राहिलं, फादर झीबोने येऊन आशीर्वाद दिला, आणि सहाच वर्षांत दुसरं बांधलं. धाकटी मध्येच म्हणाली, "मग ते फ्रेंच बोलणारे गेले कुठे?" मोठा फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "इथेच असतील, इंग्लिश बोलत." बायको माझ्याकडे बघत होती. घरात "शूज काढ, हँड्स वॉश कर" कोण ओरडतं ते तिला माहितीये.

मिसिसिपी नदीपलीकडे कहोकिया गावात १७९९ चं फ्रेंचांचं चर्च अजून उभं आहे. अक्रोडाचे ओंडके आडवे रचलेले नाहीत, उभे लावलेत, फटींत दगड-चुना. हात लावून बघा, लाकूड दगडासारखं घट्ट झालंय. जुनं कॅथेड्रल १८३४ चं, आर्चसाठी नदीकाठचे ब्लॉकच्या ब्लॉक पाडले तरी ते ठेवलं. म्हणजे इमारती टिकल्या हो. पण रस्त्यावर "बाँजूर" म्हणणारा कोणी भेटत नाही, आणि पोरगी नेमकं तेच विचारत होती.

इथेच सेंट लुईसमध्ये जॉन बेरी मीचम नावाचा पाद्री होता, गुलामीतून स्वतःला पैसे मोजून सोडवलेला. तो चर्चच्या तळघरात काळ्या मुलांना लिहाय-वाचायला शिकवायचा, आणि १८४७ मध्ये मिसूरीने तसं शिकवणं कायद्यानेच बंद केलं. आपल्याला पोरांना मराठी शिकवायला कुठला कायदा आडवा येतो? सॉकर! रविवारच्या मराठी शाळेत मुलं कमी आणि गणपतीच्या जेवणाला पार्किंग फुल. नाटुकल्यातले संवाद पोरांना रोमन लिपीत लिहून देतो, मीच देतो, दुसऱ्या कोणाला कशाला बोलू.

आता मंडळाच्या नव्या इमारतीचा फंड. माझा चेक तयार आहे, आणि आपल्यात इंजिनियर इतके आहेत की इमारत होईलच, फक्त बाथरूम कुठे यावर दोन वर्षं भांडू. शाळेच्या मोठ्या गटाला मात्र अजून शिकवायला कोणी मिळालेलं नाहीये, आणि तो गट जानेवारीत सुरू होईल का, हे मला आज सांगता येत नाही.