दहा नंबरचा बेड

रात्रीचे आठ वाजलेत. आयसीयूत ड्युटी बदलतेय. दिवसपाळीच्या सिस्टर ओव्हर देताहेत, रात्रपाळीच्या घेताहेत. फाईल नंतर. आधी हा हात बघा.

दोन बोटांच्या चिमटीत नळी धरलीय. औषधापासून सुरुवात, मग पंप, मग थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांची तोटी, मग थेट पेशंटच्या मानेपर्यंत. मध्ये कुठेही बोट सुटत नाही. एक झाली की दुसरी. या बेडवर आत्ता सात आहेत. दिवसभर कूस बदलून त्यांची वेणी पडलीय. एक उशीखाली गेलीय.

"सिस्टर, मिडाझोलाम खालून गेलंय ना?"

"अगं, विचारू नकोस. धरून बघ."

मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन आहे. नळी एक, आत वाटा तीन, बाहेर तोंडं तीन: तपकिरी, निळं, पांढरं. कुठल्या तोंडाला काय लावायचं, ते युनिट ठरवतं. इथे पांढऱ्यावर फक्त नॉरॲड, बीपी टिकवून धरणारं औषध. त्याच्या नावाची पट्टी जांभळी. गुंगीच्या मिडाझोलामला नारिंगी पट्टी, वेदनाशामक फेंटानिलला निळी. आता निळी पट्टी आणि निळं तोंड यांचं एकमेकांशी काही नातं नाही. म्हणून रंगावर विसंबायचं नाही, नाव वाचायचं.

नॉरॲडचा असर मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो. पंप थांबला की बीपी कोसळतं. उलट कुणी घाईत त्याच वाटेनं दुसरं इंजेक्शन ढकललं, तर नळीत भरून असलेलं नॉरॲड एकदम आत जातं आणि मॉनिटरवरचा आकडा उसळी घेतो. पट्टीवर ठळक लिहिलंय, 'इथून इंजेक्शन देऊ नये', ते त्यासाठी.

सगळीच औषधं एका वाटेनं चालत नाहीत. हे टेबलावर, पेशंटपासून लांब, मुद्दाम करून घेतलं: सोडाबायकार्ब आणि कॅल्शियम एकाच नळीत. बघा, पांढरा साका. खडूच तो.

मनगटातली लाल खुणेची नळी रोहिणीत आहे. ती बीपी बघायला. तिच्यातून औषध कधीच नाही. पण अडवणार कोण? जोड तर तिलाही तोच बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये काचेच्या सिरिंजसाठी निघालेला हा निमुळता जोड, ल्यूअर. इतका सोयीचा की जगभर सगळ्याच नळ्यांना तोच लागला. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यात नळ्यांची चुकीची जोडणी टाळणं हा एक होता. 2016 मध्ये पोटात अन्न देणाऱ्या आणि पाठीच्या कण्यातल्या नळ्यांसाठी वेगळ्या जोडांची मानकं आली. शिरेच्या आणि रोहिणीच्या नळ्यांचा जोड मात्र आजही एकच. तिथे वेगळेपण काय ते या चिकटपट्टीचं. चुकीच्या जोडणीनं माणसं गेलीत.

पट्टी दोन ठिकाणी लागते: एक पंपापाशी, एक पेशंटजवळ. औषधाचं नाव, तारीख, वेळ. सिस्टर बॉलपेन झटकतात, आठ वीस लिहितात, अंगठ्यानं पट्टी दाबतात. काचेपलीकडे मुलगी उभी आहे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात आयसीयूत दर पाळीला एका खाटेमागे एक परिचारिका.

शेजारी अकरा नंबर. पाच नळ्या. त्याही याच सिस्टरकडे.