पन्नीतल्या गोळ्या

नमस्कार श्रोतेहो. आज घरातल्या वयस्क माणसांच्या औषधांबद्दल बोलू. माझं सांगणं एवढंच, की साठी ओलांडलेल्या माणसाला नवा त्रास सुरू झाला, तर आधी त्याच्या जुन्या गोळ्या तपासा.

बीपीसाठी अमलोडिपिन घेणारी एखादी आजी धरा. गोळी चांगली आहे, स्वस्त आहे. पण काही जणांच्या पायावर तिनं सूज येते. आजी सूज दाखवायला तालुक्याला जाते, दुसऱ्या डॉक्टरकडे. तिथं लघवीची गोळी, म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारी गोळी मिळते. मे महिना, चंद्रपूरकडं पारा 45 च्या वर, अंगातलं पाणी आधीच आटलेलं. आता उठली की भोवळ. मग भोवळीची गोळी, सिनारिझिन नाहीतर प्रोक्लोरपेराझिन. ती महिनोन्‌महिने चालली, की कुणाकुणाचे हात थरथरतात, चाल मंदावते. घरचे म्हणतात, कंपवात झाला. त्याचीही गोळी आली! प्रत्येकानं समोरचा त्रास पाहिला, आजीची औषधांची पन्नी मात्र कोणी उघडली नाही.

म्हणून दवाखान्यात जाताना अख्खी पन्नी न्या. चिठ्ठी नको, पाकिटंच न्या. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावानं दोनदा चालू असतं, हे पाकिटं समोर मांडली की लगेच दिसतं. बाजारातून आणलेलं चूर्ण, संधिवाताची ‘जडीबुटी’ तीही ठेवा. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

वयाबरोबर मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद घटते, औषध अंगात जास्त वेळ राहतं. यात एक फसगत आहे. वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगात मांस कमी, म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड तपासायच्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट ठीकठाक दिसतो, पण मूत्रपिंड थकलेलं असू शकतं. आता त्याच माणसाला बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असेल, आणि कापूस वेचून कंबर धरली म्हणून त्यानं मेडिकलमधून डायक्लोफेनॅक हे दुखण्याचं औषध आणलं, तर तिन्ही मिळून मूत्रपिंड बंद पाडू शकतात. दुखण्यासाठी ‘सुई लावून द्या’ म्हणून हट्ट धरणाऱ्यांनी हे ऐकावं. अशा दुखण्याला आधी पॅरासिटामॉल आणि शेक.

सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन बारीकसं वाटतं, पण त्यानं आजोबांची लघवी अडते, रात्री बरळणं सुरू होतं. झोपेसाठीच्या अल्प्राझोलामनं रात्री उठताना तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं की माणूस खाटेला खिळतो. अमेरिकेत मार्क बीअर्स या डॉक्टरनं 1991 साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. 2023 मध्ये ती पुन्हा सुधारली गेली. अशा याद्या आम्हा डॉक्टरांसाठी असतात. आमच्यातले किती जण त्या उघडतात, हा प्रश्न तुम्ही जरूर विचारावा.

मात्र हे ऐकून आज रात्री गोळ्या फेकू नका. झोपेची गोळी, स्टेरॉइड, हृदयाची काही औषधं एकदम सोडली तर उलटतात. कमी करायची ती डॉक्टरच्या सांगण्यानं, हळूहळू.

शेवटी शुगरच्या गोळ्या. ग्लायबेनक्लामाइड ही जुनी, स्वस्त गोळी, तिचा जोर बराच वेळ राहतो. जागतिक आरोग्य संघटना ती साठीपुढच्यांसाठी योग्य मानत नाही. तुमच्या घरी ती चालू असेल, तर बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारा. एकादशीला म्हातारी माणसं उपवास धरतात, आणि गोळी मात्र नेमानं घेतात. दुपारी साखर उतरते, घाम फुटतो, हात कापतात, बोलणं भरकटतं. घरचे बाहेरची बाधा समजून निंबू-मिरची शोधत फिरतात. माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीच घालू नका, 108 ला फोन लावा. आणि साखरपाण्यानं तरतरी आली तरी दवाखान्यात न्याच, कारण त्या गोळीनं साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते.