चोच कुठे पडते ते आधी बघा

मंडळी, परसात कोंबड्या पाळणारे लोक भेटले की एक प्रश्न हमखास येतो. "आमची एक कोंबडी बाकीच्यांना टोचून हैराण करते, तिला काय करू?" मी आधी उलट विचारतो, कुठे टोचते? डोक्यावर की पाठीवर? बहुतेकांनी ते पाहिलेलंच नसतं. आणि निम्मं उत्तर तर तिथेच असतं.

समोरासमोर उभं राहून डोक्यावर, तुऱ्यावर चोच मारली, तर तो मानाचा झगडा. कोणी आधी खायचं, रात्री दांडीवर कोणी कुठे बसायचं, हे कोंबड्या असंच ठरवतात. नॉर्वेचे थॉरलीफ शेल्डेरूप-एब्बे लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत आले होते. कळपातली ही उतरंड त्यांनी 1921 साली आपल्या प्रबंधात मांडली. ती एकदा ठरली की एरवी नुसती मान उंचावली तरी पुरतं, खालची कोंबडी बाजूला होते. रक्त निघत नसेल आणि सगळ्यांना पोटभर खायला मिळत असेल, तर आपण मध्ये पडू नये.

मागून येऊन शेपटीच्या बुडाशी किंवा पाठीवर चोच मारणं ही मात्र वेगळीच गोष्ट. नीट बघा. टोचणारी कोंबडी चिडलेली नसते, मानेची पिसं फुललेली नसतात. ती शांतपणे चालत येते, एक पीस चोचीत धरते, झटक्यात ओढते आणि बऱ्याचदा गिळूनही टाकते. हा राग नाही. रानकोंबडी दिवसाचा मोठा भाग जमीन उकरण्यात आणि टिपण्यात घालवते. आपल्या कोंबडीच्या अंगात ती ओढ जशीच्या तशी आहे, पण खुराड्याची जमीन कडक, मोकळी, आणि तयार खाद्य थोड्या वेळात खाऊन संपलेलं. मग टिपायला उरतं काय, तर शेजारणीची पाठ. तिला शिक्षा करून काय साधणार? तिला काम द्या. वाळक्या पाल्याचा जाड थर घाला, त्यात मूठभर दाणे उधळा, पालेभाजीची जुडी मान उंच करून टोचावी लागेल अशी टांगा. गोळी-खाद्याऐवजी भरड दिली तर खायलाही जास्त वेळ लागतो.

खाद्यातली प्रथिनंही तपासा. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच असतं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात सुमारे 16 टक्के प्रथिनं लागतात. लाडाने टाकलेले दाणे आणि उरलंसुरलं अन्न यांनीच पोट भरलं, तर हे प्रमाण नकळत घसरतं. पिसं झडून नवी येतात त्या दिवसांत तर गरज आणखी वाढते. त्यात नव्या पिसाच्या नळीत रक्त असतं. ती फुटली आणि लाल दिसलं की सगळ्या कळपाची चोच तिथेच वळते. अशी जखमी कोंबडी त्याच क्षणी बाहेर काढा. संध्याकाळी बघू म्हणाल तर संध्याकाळी ती जिवंत असेलच असं नाही. चोच छाटण्याचा सल्लाही कोणी देईल. तो मला अजिबात मान्य नाही. चोचीत मज्जातंतू असतात, छाटली की दुखतं, आणि मूळ कारण तसंच राहतं.

आता खरोखरची दांडगट कोंबडी. इथे लोक मार खाणारीला वेगळं ठेवतात. जखम नसेल तर दांडगटच बाहेर काढा, चार-पाच दिवस, बाकीच्या दिसणार नाहीत अशा जागी. ती परतते तेव्हा तिची जागा भरलेली असते, आणि बऱ्याचदा ती नरमते. नव्या कोंबड्या आणायच्या तर एकटी कधीच आणू नका. निदान दोन आणा, आठवडाभर जाळीपलीकडे दिसतील अशा ठेवा, मगच एकत्र करा. खाद्य-पाण्याची भांडीही दोन ठिकाणी हवीत, नाहीतर वरचढ कोंबडी एका भांड्यावर पहारा देते आणि खालची उपाशी राहते.

अंडी फोडून खाण्याची सवय लवकर तोडावी लागते. सुरुवात बहुधा आपोआप फुटलेल्या अंड्यापासून होते. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं, म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. घरट्यात मऊ पेंढा भरपूर घाला, उजेड कमी ठेवा, अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला. चटक लागलेल्या कोंबडीसाठी लाकडी किंवा चिनी मातीची खोटी अंडी ठेवा. टोचून काही फुटत नाही म्हटल्यावर बऱ्याच जणी नाद सोडतात.

कोंबड्या घरट्यात झोपतात? दांडी घरट्यापेक्षा उंच बांधा, त्यांना उंचावरच बसायचं असतं. संध्याकाळी खुराड्यात शिरायलाच तयार नसतील, तर त्यांना हुसकू नका. रात्री बॅटरी घेऊन जा आणि दांडीच्या खालच्या फटी तपासा. लाल माइट हे बारीक किडे दिवसा तिथे लपतात, रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. तिथे झोपायला नको म्हणणारी कोंबडी बरोबरच वागते आहे.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीला तर बिघडलेली म्हणूच नये. पिल्लं हवी असतील तर खाली फलित अंडी ठेवा, 21 दिवस ती खाण्यापिण्यापुरतीच उठेल. नको असतील तर तळाला जाळी असलेल्या, थोड्या उंच पिंजऱ्यात खाद्य-पाण्यासह ठेवा. पोटाखाली वारा लागला की सहसा तीन-चार दिवसांत ती ताळ्यावर येते. तिला पाण्यात बुडवण्याचा प्रकार कृपा करून करू नका.

शेवटी अंगावर येणारा कोंबडा. त्याला लाथ मारलीत तर तुम्ही त्याचं आव्हान स्वीकारलंत. पळालात तर तो जिंकला. जागेवर उभे राहा, तो बाजूला होईपर्यंत हलू नका. कोंबड्यांना त्याच्यासमोर उगाच उचलू नका. काही कोंबडे यानेही बदलत नाहीत, आणि त्यांची नखी डोळ्याच्या उंचीवर पोचेल अशी लहान मुलं घरात असतील, तर तो कोंबडा त्या घरात ठेवू नये. हे मी फार विचार करून सांगतो आहे.