छपरावरचं पाणी

(विमानाच्या खिडकीतून बेट. तपकिरी डोंगर, त्यावर निळे ठिपके. संगीत नको, इंजिनाचा आवाज राहू द्या.)

बेरिल या चक्रीवादळाचं नाव आपल्याकडे आलं ते क्रिकेटमुळे. 29 जून 2024 ला भारताने बार्बाडोसमध्ये टी-20 विश्वचषक जिंकला आणि संघ तिथेच अडकला. वादळ येतंय म्हणून विमानतळ बंद. 4 जुलैला खास विमानाने मंडळी दिल्लीत उतरली, संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर माणसांना पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि आपल्यापुरतं बेरिल तिथेच संपलं.

बार्बाडोसला ते चाटून गेलं होतं. वादळाचा डोळा गेला तो तिथून सुमारे 200 किलोमीटर नैऋत्येला, या बेटावरून. कॅरियाकू. देश ग्रेनेडा, क्षेत्रफळ जेमतेम 34 चौरस किलोमीटर. 1 जुलैला सकाळी अकराच्या सुमारास ताशी 240 किलोमीटरचा वारा इथे आदळला. आदल्याच दिवशी, 30 जूनला, ते पाचपैकी चौथ्या श्रेणीत पोचलं होतं. जून महिन्यात अटलांटिकमध्ये चौथ्या श्रेणीचं वादळ त्याआधी नोंदीत कधीच नव्हतं. समुद्र त्या वर्षी अवेळीच तापला होता. कॅरियाकू ओलांडल्यावर बेरिल पाचव्या श्रेणीत गेलं.

वादळाचं चित्रण आमच्याकडे नाही. आम्ही काही आठवड्यांनी पोचलो. निळे ठिपके दिसतायत ती ताडपत्री आहे. जिथे ताडपत्री, तिथे छप्पर नाही.

(हिल्सबरोचा मुख्य रस्ता, गाडीतून. नंतर टिरेल बे, खारफुटीत अडकलेल्या नौका.)

सरकारच्या अंदाजाने कॅरियाकू आणि शेजारच्या पेटिट मार्टिनिकवरची 98 टक्के घरं, इमारती मोडल्या किंवा पडल्या. रुग्णालय, शाळा, वीज, फोन, शेतं, सगळं त्यात आलं. या खारफुटीत नौका वादळाच्या आधी आसऱ्याला येऊन बांधून ठेवतात. या वेळी खारफुटीलाच पान उरलं नाही.

(सिमेंटची टाकी, जवळून. झाकण सरकवणारा हात. आत पाला, पत्र्याचा तुकडा.)

इथे जरा थांबू.

कॅरियाकूवर बारमाही नदी नाही. एकही नाही. बेट पाणी पितं ते आभाळाचं. पत्र्यावर पाऊस पडतो, पन्हळीतून पाइपात, पाइपातून घराखालच्या नाहीतर अंगणातल्या टाकीत. घर बांधायचं म्हणजे टाकी आलीच. छपराचा आकार जेवढा, तेवढं घराचं पाणी. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आहे, टँकर फिरतात, पण रोजच्या चुलीचा, अंघोळीचा हिशोब पत्र्यावरच चालतो.

आता तारीख बघा. जानेवारी ते मे कोरडे महिने. जूनमध्ये पाऊस सुरू होतो, तोवर टाक्या तळाला गेलेल्या असतात. म्हणजे भरायची वेळ झाली आणि पत्रे उडाले. त्यानंतर पाऊस पडला, भरपूर पडला. तो घरात पडला, गाद्यांवर पडला, टाकीत गेला नाही.

मदतीच्या जहाजांतून बाटलीबंद पाणी आलं, ते यायलाच हवं होतं. पण आम्हाला तिथे फिरताना सारखं वाटत होतं, बाटल्यांच्या प्रत्येक खोक्यामागे दोन पत्रे का नाहीत?

(विंडवर्ड गाव. किनाऱ्यावर कलंडलेली लाकडी नौका. वाकसाचा आवाज.)

हे विंडवर्ड. या गावाचा धंदा नौका बांधण्याचा. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून आलेल्या जहाजबांधणीवाल्यांची आडनावं इथल्या घरांत अजून आहेत. नकाशा नाही, आराखडा नाही. नजरेनेच सगळं. आधी कणा ठेवतात, त्याचाही विधी असतो. मग बरगड्या. त्या सरळ लाकूड वाकवून करत नाहीत. डोंगरात मुळातच वाकलेला व्हाइट सीडर शोधतात. फांदी बघून सुतार सांगतो, ही नाळेजवळची, म्हणजे पुढच्या टोकाची, ही पोटातली. झाड उभं असतानाच त्याला त्यात नौका दिसते. फळ्यांचं लाकूड मात्र बाहेरून, बरंचसं गयानाहून येतं. फळ्या ठोकल्या की फटी बुजवतात, रंग देतात, आणि मग गाव जमतं.

(जुनं मोबाइलवरचं चित्रण. पूर्ण चालू द्या, कापू नका.)

हे जुनं जलावतरण आहे. पाद्री पवित्र पाणी शिंपडतो, रम ओतली जाते, बोकड आणि कोंबडा कापला जातो. हे झाल्यावर टेकू तोडायला घेतात. नौका उभी असते ती लाकडी टेकूंवर. कुऱ्हाडीने एकेक टेकू बुंध्याशी तोडत जायचं, म्हणजे ती हळूहळू कुशीवर येते. मग खाली ओंडके, पुढे दोर, आणि दोराला सगळं गाव. बघा, दोर धरलेल्यांत शाळेची पोरंही आहेत.

डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने ही कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्यानंतर सातच महिन्यांत बेरिल.

(परत किनारा. म्हातारा सुतार फळी बसवतोय. त्याचं बोलणं आहे तसं ठेवा, निवेदन नाही.)

(एका घरावर वासे. चार माणसं वर, दोन खाली.)

ज्या हातांना वाकडं लाकूड कळतं, त्यांना छप्पर परकं नाही. या घरावर आधी दुपाखी छप्पर होतं. वारा सपाट तोंडावर आदळला, पत्र्याखाली शिरला आणि सगळंच उचकटून घेऊन गेला. आता चौपाखी चढतंय, चारही बाजूंनी उतार, वाऱ्याला धरायला कोपरा कमी. वासा भिंतीला नुसता खिळ्याने नाही, लोखंडी पट्टीने आवळायचा. पत्रा भिंतीच्या बाहेर फार काढायचा नाही. पण तो थोडा बाहेर नसेल तर पन्हळ कुठे लावणार? या एका प्रश्नावर वरचे चार आणि खालचे दोन बराच वेळ वाद घालत होते. आम्ही तो सगळा चित्रित केला, ठेवलाय मात्र एवढाच.

मजुरी किती, असं विचारलं तर हसले. आज याचं घर, उद्या त्याचं, आणि ज्याचं काम तो जेवण घालणार. याला इथे ‘मरून’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द दचकवतो, पण त्याचा अर्थ सगळ्यांनी मिळून, एवढाच. पैसे येतात ते बरेचसे ब्रुकलिन आणि इंग्लंडमधल्या हडर्सफील्डहून, तिकडे गेलेल्या कॅरियाकूकरांकडून. खिळे, पट्ट्या, तांदूळ, साबण, सगळं निळ्या प्लास्टिकच्या पिंपांत भरून.

(तेच घर, चौथ्या दिवशी. पत्रे चढलेत. ढग.)

टाकी आधी उपसून, घासून घेतली होती. पन्हळ शेवटी एकाच बाजूला लागली, दुसऱ्या बाजूची अजून यायची आहे. पहिला पाऊस टाकीत घेत नाहीत. पत्र्यावरची धूळ, पाला धुऊन जाऊ देतात. म्हणून घरच्या बाईंनी पाइप अंगणात सोडून ठेवला आणि दारात उभ्या राहिल्या.

(पावसाचा आवाज. गढूळ पाणी अंगणात. मग जरा नितळ.)

दुसऱ्या सरीला त्यांनी पाइप टाकीत घातला.