थेनीचा मनोरा, पाट्टीचा डोळा

(दृश्य : सकाळ. डोंगराच्या पायथ्याचं गाव. लोखंडी मनोरा, टोकाला जाळीचा अँटेना.)

तमिळनाडूतलं थेनी. आपला सह्याद्री ज्या पश्चिम घाटाचा भाग, तोच घाट इथेही गावाच्या पाठीशी उभा आहे. मनोऱ्यावरच्या या जाळीचं तोंड एकाच दिशेला आहे. तिकडे काही किलोमीटरवर अशीच दुसरी जाळी हिच्याकडे तोंड करून बसली आहे. मधे एखादं झाड वाढून आडवं आलं, तरी दोघींचं बोलणं अडखळतं.

(दृश्य : छोटी खोली, बाकावर चार-पाच माणसं.)

दुसऱ्या जाळीखाली ही खोली. अरविंद नेत्र रुग्णालयाचं दृष्टिकेंद्र. इथे डॉक्टर बसत नाहीत. बारावीनंतर अरविंदमध्येच दोन वर्षं शिकलेली, गावाकडचीच एक मुलगी केंद्र सांभाळते. तिच्यासमोर एक आजी, म्हणजे इथल्या भाषेत पाट्टी. हनुवटी डोळे तपासायच्या यंत्राच्या, स्लिट लॅम्पच्या, पट्टीवर टेकलेली, कपाळ वरच्या पट्ट्याला. "पाट्टी, डोळा मिटू नका हं." प्रकाशाची उभी, बारीक चीर बुबुळावरून सरकते. मुलगी फोटो काढून पाठवते, आणि थोड्या वेळाने पडद्यावर थेनीच्या अरविंद रुग्णालयातले डॉक्टर येतात.

इंटरनेटचा वेग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते सिनेमा किती झटपट उतरतो ते. दवाखान्यात हे गणित उलटं होतं. इथे गाव पाठवतं आणि शहर बघतं. डोळ्याचा फोटो, पाट्टीचा चेहरा, तिचा आवाज, सगळं अपलोड. आणि आपल्या नेहमीच्या जोडणीत बहुतेकदा डाउनलोडला हमरस्ता असतो, अपलोडला पायवाट.

(दृश्य : मदुराई, रुग्णालयाची जुनी छायाचित्रं.)

1976 साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी मदुराईत 11 खाटांचं अरविंद सुरू केलं, तेही सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर. पुढे पसारा वाढला, पण अडचण तीच राहिली. डोळे गावात, डॉक्टर शहरात. म्हातारं माणूस एकटं येत नाही. त्याच्यासोबत मुलगा येतो, म्हणजे त्याचा रोज बुडतो.

दूरचिकित्सा तोवर अगदीच नवी नव्हती. 2000 साली आंध्रातलं अरगोंडा गाव मोठ्या रुग्णालयाशी जोडलं गेलं, 2001 पासून इस्रोनेही उपग्रहावरून जाळं विणायला घेतलं. पण तो उपग्रह जवळजवळ 36,000 किलोमीटर वर. आपण विचारायचं, अर्ध्या सेकंदाने उत्तर यायचं. आपण "हॅलो, हॅलो" करतो, तेवढ्यात समोरचाही बोलायला लागतो.

मग अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी इथे, या मनोऱ्यांवरच्या जाळ्यांमधून, वायफाय आणलं. हो, घरातलंच, खोलीच्या भिंतीशी दमणारं. तो दमतो त्याचं कारण निव्वळ ताकद नव्हे, थोडा त्याचा उतावळा स्वभावही आहे. माहितीचं एक पुडकं पाठवलं की वायफाय समोरून "मिळालं" अशी पोच मागतो आणि सेकंदाच्या काही दहालाखाव्या हिश्शांपलीकडे थांबत नाही. समोरचा 15 किलोमीटरवर असेल तर पोच येईपर्यंत हा तेच पुडकं पुन्हा पाठवून बसतो. पत्र पोस्टमनच्या पिशवीत असतानाच दुसरं टाकावं, तसं. बर्कलीच्या मंडळींनी पाळी लावून दिली : आधी तू बोल, मग मी, आणि पोच पुडक्यागणिक न देता गठ्ठ्याची एकदम. सेकंदाला 6 मेगाबिटपर्यंत वेग मिळाला, दोन्ही दिशांना वाटून घेता येणारा. आज फोनवर मिळतो त्यापुढे किरकोळ. पण डॉक्टरला पाट्टीचा डोळा दिसायला तेवढा पुरला.

(दृश्य : डबा उघडलेला. आत बॅटरी, तारा, छोटा बोर्ड.)

खरी डोकेदुखी निघाली वीज. दाब कधी एवढा चढायचा की बोर्ड जळायचे, कधी एवढा उतरायचा की यंत्र धड चालू नाही, धड बंद नाही. शेवटी सौर पॅनेलचा कंट्रोलर मधे बसवून वीज आधी गाळून घ्यावी लागली. आपल्या खेड्यात पंप जाळून घेतलेल्या कुणालाही हे सांगायला नको.

2019 साली सुरू झालेली ई-संजीवनी, म्हणजे सरकारची दूरचिकित्सा सेवा, आज देशभर आहे. महाराष्ट्रातल्या उपकेंद्रातही सीएचओताई, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकारी, रुग्णाला अशीच पडद्यासमोर बसवतात. तिथेही आधी बघावं लागतं, लाइट आहे का.

(दृश्य : पुन्हा खोली.)

पाट्टीला मोतीबिंदू आहे. बाकावरच्या बहुतेकांचं काम चष्म्यावर किंवा थेंबांवर भागेल, हिला मात्र शस्त्रक्रियेसाठी थेनीला जावंच लागणार. डॉक्टर तारीख सांगतात. पाट्टी पदराने डोळा टिपते आणि पडद्याला विचारते, "त्या दिवशी परतीची बस किती वाजता?"

हे डॉक्टरांना ठाऊक नाही. मुलीला ठाऊक आहे.