पिकअप बदलण्यापूर्वी

पडद्यावर दिसते आहे ती जॅझ बेस घडणीची चार तारांची गिटार. फेंडर कंपनीने १९६० साली आणलेल्या या रचनेत दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारे भाग, असतात. अ‍ॅम्पमधून, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून, घरघर सुरू झाली की पहिला सल्ला पिकअप बदलण्याचा मिळतो आणि कित्येक चांगले जुने पिकअप अशा रीतीने अकारण काढून टाकले जातात.

वादकाने तारांवर हात ठेवला, तरी घरघर तशीच आहे. जॅकच्या, म्हणजे केबल खोचायच्या जागेच्या, धातूला बोट लागताच मात्र ती खाली येते. तारा ब्रिजवर, म्हणजे त्यांच्या खालच्या टोकाच्या धातूच्या आधारावर, टेकलेल्या असतात, ब्रिजखालून निघालेली एक वायर पॉटच्या (खुंटीखालच्या नियंत्रकाच्या) पाठीवर सोल्डर केलेली असते आणि तिथून ग्राउंड, म्हणजे सर्किटची अर्थची जोडणी, जॅकपर्यंत जातो. ही साखळी मध्येच तुटली आहे, हे या एका स्पर्शावरून समजते.

आता वरची पट्टी उघडली आहे. मल्टिमीटरचे एक टोक ब्रिजला, दुसरे जॅकच्या ग्राउंडला लावले आहे. जोड अखंड असल्याचा बीप वाजत नाही. पॉटच्या पाठीवरचा हा सोल्डरचा गोळा जवळून पाहावा. तो निस्तेज आहे, पत्र्यावर पसरलेला नाही आणि वायर हलवताच हलतो. यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. पॉटचे धातूचे कवच उष्णता शोषून घेते; ते पुरेसे तापण्याआधीच सोल्डर लावले, तर जोड वरवर धरल्यासारखा दिसतो आणि काही काळाने सुटतो. म्हणून जुने सोल्डर काढून, पत्रा पॉलिश पेपरने घासून, आधी कवच तापवले जात आहे आणि मगच सोल्डर दिले जात आहे.

बीप वाजला.

दुसरी तक्रार स्वराची. प्रत्येक पिकअप एकटा भरदार वाजतो, पण दोन्ही पूर्ण उघडले की खर्ज नाहीसा होतो, कारण एका पिकअपच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत. त्या अदलाबदल करताच खर्ज परततो. शिवाय दोन्ही पिकअपची गुंडाळणी आणि चुंबके परस्परविरुद्ध असल्याने, दोन्ही सारखे उघडले की उरलेली घरघरही बहुतांशी मिटते.

टोनची खुंटी फिरवून काहीच बदलत नसेल, तर ०.०४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचे पाय तपासावेत. घरघर घालवण्यासाठी अ‍ॅम्पची अर्थ पिन मात्र कधीही काढू नये. वादकाच्या जिवावर बेतू शकते.

एकटा पिकअप उघडल्यावर थोडी घरघर राहते, तो सिंगल कॉइलचा स्वभाव आहे. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावून ती ग्राउंडला जोडल्यास तीही काही प्रमाणात कमी होते.