तिशीला टेकलेल्या स्पोर्ट्स कारच्या रंगाकडून काय अपेक्षा ठेवावी

(दृश्य: सकाळच्या तिरप्या उन्हात उभी असलेली लाल रंगाची, दोन आसनांची उघडी मोटार. कॅमेरा तिच्याभोवती सावकाश फिरतो.)

१९८९ च्या फेब्रुवारी महिन्यात शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदा कंपनीने दोन आसनांची एक छोटी, हलकी, उघडी मोटार लोकांपुढे आणली. अमेरिकेत ती मियाटा, युरोपात एमएक्स-५ आणि जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. हिरोशिमात तयार होणाऱ्या या मोटारीची पहिली पिढी १९९७ पर्यंत चालली आणि त्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांतली सर्वांत धाकटी गाडीसुद्धा आता तिशीला टेकली आहे.

भारतात माझदाचे नाव लोकांना माहीत झाले ते स्वराज माझदाच्या ट्रक-बसमुळे. ही मोटार इथे रीतसर विकली गेली नाही. मात्र ब्रिटन-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला हौसेची दुसरी गाडी घ्यावीशी वाटली, तर जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाजारात त्याची गाठ या मोटारीशी पडण्याची शक्यता बरीच असते. गाडी पाहायला जाताना तो इंजिनचा आवाज ऐकायचे ठरवून जातो, गिअर कसे पडतात ते पाहायचे ठरवून जातो, पण प्रत्यक्षात त्याचा निर्णय पहिल्या दहा सेकंदांत रंग पाहूनच होतो. चमकणारी गाडी त्याला जपलेली वाटते आणि फिकी पडलेली गाडी हेळसांड झालेली वाटते. हा अंदाज अनेकदा साफ चुकतो, आणि तो का चुकतो हे समजून घेण्यासाठी रंग म्हणजे नेमके काय असते हे आधी पाहायला हवे.

(दृश्य: दरवाज्याची कड, अगदी जवळून.)

कारखान्यातून निघालेल्या मोटारीच्या पत्र्यावर सर्वांत खाली गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि बहुतेक आधुनिक रंगांत सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, म्हणजे माणसाचे एक-दोन केस एकावर एक ठेवल्याइतके. या जाडीने तीस वर्षे ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा, कोरड्या फडक्याने पुसणारे मालक आणि पुढच्या ट्रकच्या चाकांखालून उडणारी खडी सोसलेली असते. शिवाय प्रत्येक वेळी मशीनने पॉलिश करताना तिच्यातला थोडा अंश निघून गेलेला असतो. अशा रंगावर बारीक गोल ओरखडे असणे, बॉनेटच्या कडांवर तो विरलेला असणे आणि दरवाज्याच्या मुठींच्या खोबणीत नखांच्या खुणा असणे हे वयाला धरूनच आहे. त्यासाठी विक्रेत्याशी घासाघीस करणे मला योग्य वाटत नाही.

पहिल्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांचा तो प्रसिद्ध लाल रंग तर आणखी वेगळ्या जातीचा आहे, कारण त्यावर क्लिअर कोट नाही. रंगद्रव्य आणि चमक एकाच थरात असलेल्या या रंगाला रंगकामातले लोक सिंगल स्टेज म्हणतात. लाल रंगद्रव्यावर उन्हातल्या अतिनील किरणांचा परिणाम लवकर होतो. वरचा पृष्ठभाग मरतो, खडूसारखा पांढरट होतो आणि लाल गाडी हळूहळू गुलाबी दिसू लागते. पाहणाऱ्याला वाटते की रंग गेला. आता पडद्यावर जे दिसते आहे ते नीट पाहा: पांढऱ्या सुती फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन बॉनेटचा तळहाताएवढा भाग चोळला आहे, फडके लालभडक झाले आहे आणि चोळलेल्या जागी खालचा मूळ रंग वर आला आहे. फडक्याला रंग लागणे ही इथे चांगली बातमी आहे, कारण त्यावरून रंग क्लिअर कोटविना आहे हे कळते आणि तो पुन्हा उजळता येईल अशी आशा धरता येते. फक्त हे उजळणे अमर्याद नाही. वाकलेल्या कडांवर रंग आधीच पातळ असतो आणि तिथे मशीन जरा जास्त वेळ फिरले, तर थेट प्रायमर दिसू लागतो.

धातूची झाक असलेल्या रंगांची गोष्ट उलटी आहे. त्यांच्यावर क्लिअर कोट असतो आणि तो एकदा सुटू लागला, म्हणजे सापाच्या कातीसारखे त्याचे पापुद्रे निघू लागले, की कोणतेही पॉलिश उपयोगी पडत नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवावाच लागतो. म्हणून दुरून सारख्याच निस्तेज दिसणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला शनिवारची दुपार पुरते आणि दुसरीला रंगशाळेत पाठवावे लागते. हा फरक ज्याला जागेवर ओळखता आला, त्याचे बरेच पैसे वाचतात.

(दृश्य: गाडीचे नाक आणि वर उचललेले हेडलाइट.)

या मोटारीचे नाक जमिनीलगत आहे. त्यामुळे पुढच्या बंपरवर, उचलून वर येणाऱ्या हेडलाइटच्या झाकणांवर आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर टवके उडालेले असणारच. बॉनेट ॲल्युमिनियमचे आहे, त्यामुळे तिथल्या टवक्यांतून तांबडा गंज येत नाही. बंपरचे आवरण प्लॅस्टिकचे आहे आणि त्यावरच्या रंगात लवचिकता यावी म्हणून वेगळे मिश्रण वापरलेले असते. तीस वर्षांत त्याची छटा शेजारच्या पत्र्यापेक्षा थोडी निराळी झाली, तर तेवढ्यावरून अपघाताचा संशय घेऊ नये. उलट लाखभर मैल धावलेल्या गाडीच्या नाकावर एकही टवका नसेल, तर ते नाक कधीतरी पुन्हा रंगवलेले आहे असे समजून कारण विचारावे. टवक्यांना कंटाळून रंगवले असेल, तर तक्रारीला जागा नाही. धडक झाली म्हणून रंगवले असेल, तर आत किती लागले होते हे कळले पाहिजे.

(दृश्य: दरवाज्याखालचा लांब पट्टा, कॅमेरा मागच्या चाकाच्या अगदी पुढे येऊन थांबतो.)

आता जमिनीवर गुडघे टेकून पाहण्याची जागा. दरवाज्याखालून पुढून मागे जाणारा हा जाड पट्टा म्हणजे सिल. पक्के छत नसलेल्या मोटारीत अंगाला ताठपणा देण्याचे बरेचसे काम हीच सिल करते. घडीच्या छतावर पडलेले पावसाचे पाणी मागच्या बाजूच्या पन्हळीत जमते, आसनांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली उतरते आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडते, अशी मूळ रचना आहे. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत या नळ्या पाने, माती आणि पाइनच्या काड्यांनी तुंबतात. मग पाणी भलत्याच वाटा शोधते, ओलावा सिलच्या पोकळीत ठाण मांडून बसतो आणि पत्रा आतून कुजू लागतो. बाहेरून वर्षानुवर्षे काही दिसत नाही. जेव्हा दिसते तेव्हा ते मागच्या चाकाच्या कमानीजवळ, रंगाखाली आलेल्या छोट्याशा फोडाच्या रूपात दिसते.

तो फोड मसुराच्या दाण्याएवढा असला, तरी संपूर्ण बॉनेटवरच्या टवक्यांपेक्षा तो मला अधिक चिंतेचा वाटतो. बाहेरच्या टवक्यामुळे येणारा गंज बाहेरून आत जातो आणि त्याला वेळीच थांबवता येते. हा गंज आतून बाहेर आलेला असतो, म्हणजे रंगाला फुगवण्याआधी त्याने आतले बरेच काही खाल्लेले असते. बोटाने हलके दाबून पाहिले आणि पत्रा दबला किंवा करकरला, तर कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवणे एवढाच खरा इलाज उरतो. काही विक्रेते त्या जागी पुट्टी भरतात, वॉटर पेपरने घासतात आणि वर झकास रंग मारतात; असे काम एक-दोन हिवाळे टिकते आणि फोड पुन्हा उगवतो. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांची दरवर्षी एमओटी, म्हणजे रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची सक्तीची तपासणी होते आणि तिचा मागील इतिहास नोंदणी क्रमांकावरून कोणालाही सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. तिथे आधीच्या वर्षी सिलच्या गंजाची नोंद असेल आणि आज सिल आरशासारखी दिसत असेल, तर दुरुस्तीची छायाचित्रे मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

म्हणूनच गाडी कोणत्या हवेत वाढली हे रंगाच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे ठरते. ॲरिझोनाच्या उन्हात उभी राहिलेली मियाटा गुलाबी पडलेली, डॅशबोर्ड तडकलेला अशी भेटते, पण तिचा पत्रा बहुधा ठणठणीत असतो. ओहायोत किंवा स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात; तिथे गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, लखलखीत दिसणारी गाडी खालून पोखरलेली असू शकते. दोन्ही एकाच किमतीला मिळत असतील, तर मी विचार न करता ॲरिझोनाची घेण्याचा सल्ला देईन, कारण रंग नव्याने देता येतो आणि कुजलेला सांगाडा पूर्ववत करणे फार महागात जाते.

(दृश्य: रंगाची जाडी मोजणारे छोटे उपकरण पत्र्यावर टेकवलेले.)

रंगाची जाडी मोजणारे हे उपकरण आता फार महाग राहिलेले नाही. पत्र्यावर सगळीकडे ११०, १२५, १३० मायक्रॉन असे आकडे येत असतील, तर मूळ रंग शाबूत आहे. २०० च्या बरेच वर आकडे गेले, तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे, आणि हजाराच्या पुढे गेले, तर रंगाखाली पुट्टी आहे असे खुशाल धरून चालावे. ॲल्युमिनियमचे बॉनेट मोजायचे असल्याने लोखंडाबरोबर ॲल्युमिनियमवरही चालणारेच उपकरण घ्यावे लागते. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधी उपकरणे काहीच सांगत नाहीत. गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्मसारख्या फायबरच्या अंगाच्या मोटारीवरही ती निरुपयोगी ठरतात, आणि तिथे गंजाऐवजी ताण पडलेल्या जागी उमटलेले बारीक तडे शोधावे लागतात.

उपकरण नसले, तरी डोळे पुरतात. पुढचे फेंडर बोल्टने बसवलेले असतात. त्या बोल्टच्या डोक्यांवरचा रंग उडालेला असेल, तर फेंडर कधीतरी काढलेले आहे. मागचे फेंडर अंगाला वेल्ड केलेले असतात, म्हणून तिथला जाड रंग अधिक कसून तपासावा. रबराच्या पट्ट्यांवर रंगाचे तुषार किंवा दरवाज्याच्या आतल्या कडेला चिकटपट्टीची रेघ दिसली, तर काम घाईत झाले आहे. गाडी ओली असताना, संध्याकाळच्या अंधुक उजेडात किंवा विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रांवरून मात्र रंगाबद्दल कोणतेही मत बनवू नये.

किमतीचा हिशेब मग सरळ होतो. चांगल्या दर्जाचे संपूर्ण रंगकाम म्हणजे काचा, रबरे, दिवे उतरवून केलेले काम, आणि त्याचा खर्च अनेकदा गाडीच्या खरेदी किमतीच्या जवळ जातो. त्यामुळे फिका रंग आणि टवके यांसाठी माफक सूट मागावी, क्लिअर कोट सुटला असेल तर जितके भाग रंगवावे लागतील तितक्यांचा खर्च वजा करावा आणि सिलवर फोड असेल तर वेल्डिंग करणाऱ्याचा अंदाज हातात आल्याशिवाय आकडा बोलूच नये. कोरी दिसणारी गाडीच हवी असेल, तर ज्याने रंगकामाचा खर्च आधीच केला आहे आणि ज्याच्याकडे त्याची बिले व कामाची छायाचित्रे आहेत, अशा मालकाला जास्त पैसे देणे हाच स्वस्त मार्ग आहे.

गाडी घरी आल्यावर पॉलिशच्या आधी करायचे काम वेगळे आहे. छत अर्धे उघडून आसनांमागच्या दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी तांब्याभर पाणी सावकाश ओतावे. पाणी मागच्या चाकांच्या पुढे लगेच खाली पडले, तर नळ्या मोकळ्या आहेत. ते तुंबले, तर लवचिक, बोथट टोकाची नायलॉनची तार हलक्या हाताने आत सोडून गाळ काढावा, आणि हे काम दर वर्षी पानगळ संपल्यावर पुन्हा करावे.